सर्पदंशाची मार्गदर्शिका कपाटातून ट्रेवर कशी आणायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्ह्यातल्या सगळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना आणि ग्रामीण रुग्णालयांना सर्पदंशाच्या उपचारांची मार्गदर्शिका पाठवली, एक दिवसाचं प्रशिक्षणही झालं. तरी रुग्ण प्रतिसर्पविषाची, म्हणजे एएसव्हीची, एकही व्हायल (औषधाची कुपी) न मिळता सिव्हिलला रेफर होऊन येतात. मार्गदर्शिकेत चूक काही नाही, मग ती वापरली का जात नाही? आणि तिचं ॲप केलं तर फरक पडेल का?

मी फिजिशियन आहे. बरीच वर्षं ग्रामीण भागात काम केलं, पुढे नव्या मेडिकल ऑफिसरांना आणि सिस्टरांना शिकवण्याचं काम अंगावर आलं. त्यावरून सांगते की चाळीस पानांची दोन पानं केल्याने फारसं काही होत नाही. शिफारशीच्या प्रत्येक वाक्यात चार गोष्टी सापडायला हव्यात. हे कोणी करायचं, केव्हा करायचं, काय हातात घेऊन करायचं आणि ती वस्तू नसेल तर काय करायचं. ज्या वाक्यातून ही चार उत्तरं मिळत नाहीत ते शास्त्राला धरून असेल, पण रात्रपाळीला त्याचा उपयोग नाही. तुमच्या जिल्ह्याला आलेल्या मार्गदर्शिकेतली निम्मी वाक्यं या चाळणीतून खाली पडतील असा माझा अंदाज आहे. हा दोष लिहिणाऱ्यांच्या विद्वत्तेचा नाही. ते बहुतेक मेडिकल कॉलेजात बसून लिहितात, जिथे लॅब चोवीस तास चालते आणि हाक मारली की रेसिडेंट धावत येतो.

आधी प्रश्नाचं आकारमान. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा मृत्यूंच्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीवर आधारलेला अंदाज आहे. मार्च २०२४मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, त्यात २०३०पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरलं आहे. यातले कितीतरी रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत, मांत्रिकाकडे किंवा रस्त्यातच जातात. तो वेगळा आणि मोठा विषय. इथे मी फक्त आपल्या दारात पोचलेल्यांबद्दल बोलते, कारण तुमची मार्गदर्शिका त्यांच्यासाठी आहे.

एकच शिफारस घेऊन ती रात्री दोन वाजता चालवून बघू. राष्ट्रीय मार्गदर्शिकेतली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या नळीत शिरेतलं २ मिलि रक्त घ्यायचं, २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग एकदा तिरपी करून बघायचं. रक्त पाण्यासारखं ओघळलं तर घोणस किंवा फुरसं चावल्याचं विष रक्तात पसरलेलं आहे आणि एएसव्ही लगेच सुरू करायची. घट्ट गोळा झाला असेल तर थांबायचं, नजर ठेवायची, ठरलेल्या अंतराने चाचणी पुन्हा करायची.

कागदावर यापेक्षा सोपं काय असणार? आता केंद्रावर या. ‘पान लागलंय’, म्हणजे साप चावलाय, म्हणत चार नातेवाईक बाईला उचलून आणतात. सिस्टर नळी शोधते. लॅबमध्ये असतात त्या प्लास्टिकच्या व्हॅक्युम नळ्या. त्यातली जांभळ्या झाकणाची हाताशी आली, तर तिच्यात ईडीटीए असतं आणि ते रक्त गोठू नये म्हणूनच घातलेलं असतं. तीत घेतलेलं रक्त सकाळपर्यंत गोठणार नाही. साध्या प्लास्टिकच्या नळीतही गडबड होते, कारण गोठण्याची साखळी सुरू व्हायला काचेचा पृष्ठभाग लागतो. काचेची नळी सापडलीच तर ती साबणाच्या पावडरने धुऊन ठेवलेली असते आणि डिटर्जंटचा थर राहिला की काच प्लास्टिकसारखीच वागते. म्हणजे ‘काचेची, नवी, कोरडी’ या तीन विशेषणांवर अख्खा उपचार उभा आहे आणि ती नळी बहुतेक केंद्रांच्या मागणीपत्रात नसतेच.

हे मी तर्काने सांगत नाही. श्रीलंकेत हीच चाचणी नेहमीच्या रुग्णालयीन कामात कशी होते हे तपासलं, तेव्हा रक्त न गोठण्याचा दोष असलेल्या रुग्णांपैकी जेमतेम ४० टक्के तिच्यात पकडले जात होते. पुढे तिथेच नळीची काच आणि व्यास ठरवून दिला, रक्ताचं प्रमाण ठरवून दिलं, चाचणी काटेकोरपणे केली, तर हाच आकडा ८० टक्क्यांच्या थोडा वर गेला. चाचणी तीच, साप तेच, नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. फरक पडला तो ‘काचेची नळी’ म्हणजे नेमकी कुठली हे सांगितल्याने. मार्गदर्शिका वापरायला सोपी करणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

तेव्हा ती शिफारस मी अशी लिहीन: ‘रुग्ण आल्याबरोबर, डॉक्टरांची वाट न बघता, ड्यूटीवरच्या सिस्टरने सर्पदंश ट्रेमधली पाकीटबंद काचेची नळी घ्यावी, २ मिलि रक्त घालावं, नळी ट्रेच्या स्टँडमध्ये उभी करावी, घड्याळातली वेळ नळीवर आणि केसपेपरवर लिहावी. प्लास्टिकची किंवा धुतलेली नळी वापरू नये. काचेची नळी नसेल तर चाचणी करू नये. हिरड्यांतून, लघवीतून किंवा सुई टोचल्या जागेतून रक्त येतंय का ते बघून डॉक्टरांना फोनवर सांगावं.’ वाक्य लांबलं, मान्य. पण ते वाचून कुणालाही विचारायला जावं लागत नाही. शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांना ‘नसेल तर’ लिहायला संकोच वाटतो, जणू तसं लिहिलं की अभावाला मान्यताच दिली. पण तो अभाव केंद्रावर असतोच. लिहिणाऱ्याने त्यावर विचार केला नाही तर तो रात्रीच्या सिस्टरला एकटीने करावा लागतो.

मोघमपणाची किंमत मोजूनही पाहिलेली आहे. नेदरलँड्समध्ये १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ६१ फॅमिली डॉक्टरांचे बारा हजारांहून अधिक निर्णय नोंदवून ते ४७ शिफारशींशी ताडले. मोघम शिफारशी ३६ टक्के वेळा पाळल्या गेल्या, नेमक्या लिहिलेल्या ६७ टक्के वेळा. डॉक्टर तेच, पेशंट तेच. आपल्याकडे मार्गदर्शिका पाळली गेली नाही की पहिला संशय डॉक्टरच्या आळसावर जातो. माझा पहिला संशय वाक्यावर जातो. ‘आवश्यकतेनुसार’, ‘योग्य त्या मात्रेत’, ‘शक्य तितक्या लवकर’, ‘वरिष्ठ केंद्रात संदर्भित करण्याचा विचार करावा’ असे शब्द ज्या पानावर दिसतील ते पान लिहिणाऱ्यांकडे परत पाठवा.

आता मात्रा. डॉक्टरला रात्री गणित करायला लावायचं नाही हा धडा आपल्या क्षयरोग कार्यक्रमाने फार छान गिरवला आहे. औषधं किलोमागे मिलिग्रॅममध्ये सांगितलेली असतात, पण केंद्रावर तो हिशेब कुणी करत नाही. चार औषधांची एकत्र गोळी असते आणि वजनाचे गट असतात: २५ ते ३४ किलोला दोन गोळ्या, ३५ ते ४९ला तीन, ५० ते ६४ला चार, ६५ ते ७५ला पाच, त्यावर सहा. वजनकाटा आणि बोटं, एवढ्यावर काम होतं. औषधशास्त्राचं सगळं अवघड काम गोळी बनवतानाच उरकलेलं आहे.

सर्पदंशात गणित आणखी सोपं असायला हवं, कारण पहिली मात्रा सगळ्यांना सारखीच, १० व्हायल. लहान मुलालाही तेवढ्याच. साप मूल बघून विष कमी सोडत नाही. बदलतं ते फक्त सलाईनचं प्रमाण, मुलाला वजनाप्रमाणे कमी. तरीही मी पाच वर्षांच्या मुलाला दोन व्हायल देऊन पाठवलेलं बघितलंय, कारण मुलांचं सगळं वजनावर द्यायचं हे डॉक्टरच्या हाडात भिनलेलं असतं. म्हणून पानावर नुसतं ‘१० व्हायल’ लिहून भागत नाही. ‘मोठ्यांना १०, मुलांना १०, गरोदर बाईला १०’ असं तीनदा लिहावं लागतं. जिथे वाचणाऱ्याचं नेहमीचं वळण शिफारशीच्या उलट जातं तिथे पाल्हाळ चालेल.

आणि त्या १० व्हायल तयार करायला किती वेळ लागतो हे कुठल्या मार्गदर्शिकेत लिहिलंय? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पावडरच्या रूपातली एएसव्ही येते. ते बरंच आहे, तिला फ्रिज लागत नाही. पण प्रत्येक व्हायलमध्ये १० मिलि द्रव सोडून ती हळुवार फिरवत विरघळवायची असते. घाईने ताक घुसळल्यासारखी हलवली की फेस होतो आणि मग तो बसेपर्यंत ताटकळायचं. एकट्या सिस्टरने एकामागून एक दहा केल्या तर बराच वेळ जातो आणि तेवढ्या वेळात पेशंटकडे कुणाचं लक्ष नसतं. म्हणून पानावर लिहायचं: चाचणी लावली की लगेच दुसऱ्या माणसाला बोलवा. वॉर्डबॉय, मावशी, रुग्णवाहिकेचा चालक, कोणीही चालेल. व्हायल फिरवायला डिग्री लागत नाही. हे ‘शास्त्रीय’ नाही म्हणून समितीत कापलं जातं. माझ्या मते ते मात्रेइतकंच मोलाचं आहे.

घड्याळाचं असंच. रक्त न गोठणाऱ्या रुग्णाला पहिली मात्रा दिल्यावर ६ तासांनी चाचणी पुन्हा करायची असते, कारण यकृताला गोठण्याचे घटक पुन्हा तयार करायला साधारण तेवढा वेळ लागतो. त्याआधी रक्त गोठत नाही म्हणून घाबरून आणखी व्हायल ओतण्यात अर्थ नाही, आणि ६ तास उलटून गेल्यावर विसरण्यातही नाही. रात्री दहाला आलेल्या पेशंटची ही चाचणी पहाटे पाचच्या सुमारास येते. दुपारी चारला आलेल्याची रात्री अकराला, म्हणजे ड्यूटी बदलून गेल्यावर. ‘६ तासांनी पुन्हा’ हे वाक्य हस्तांतरात हरवतं. ‘पुढची चाचणी: पहाटे ५.१०, करणार: रात्रीची सिस्टर’ असं लाल पेनने केसपेपरच्या डोक्यावर लिहिलं की हरवत नाही. मार्गदर्शिकेने तासांऐवजी घड्याळाची वेळ लिहायला लावणारी रिकामी चौकट छापून द्यायची. केसपेपरचा शिक्काच करून घ्या, शंभर-दोनशे रुपयांत होतो. सुजेची कडा पेनने आखून तिच्याजवळ वेळ लिहिण्याचीही तशीच सवय लावा. सूज सांधा ओलांडून चढतेय का हे पुढच्या डॉक्टरला त्या रेघांवरून कळतं, आठवणीवरून कळत नाही.

इथवर सगळं वाक्यांचं आणि वस्तूंचं झालं. खरा अडथळा बहुतेक वेळा भीतीचा असतो, आणि तुमच्याकडे डोस न देता रेफर होण्यामागे मला तोच दिसतो. एएसव्ही घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते, तिची ॲलर्जिक प्रतिक्रिया येऊ शकते आणि बरेचदा येते. मेडिकल ऑफिसर एकटा, बाहेर पन्नास माणसं. इंजेक्शन दिल्यावर पेशंट थरथरू लागला, अंगावर गांधी उठल्या, बीपी पडलं, तर बाहेरचे काय समजतील? न देता रुग्णवाहिकेत घातला तर वाटेत जे होईल ते आपल्या दारात होणार नाही. हा विचार कुणी बोलून दाखवत नाही. एक दिवसाच्या प्रशिक्षणात तर नाहीच, तिथे सगळे मान डोलावतात.

या भीतीवर ‘घाबरू नका’ हा उपाय नाही. उपाय आहे तो ॲड्रेनालिन, म्हणजे अशा प्रतिक्रियेवरचं औषध, आधीच भरून ठेवण्याचा. एएसव्हीचं सलाईन लावण्यापूर्वी १:१००० ॲड्रेनालिनचं ०.५ मिलि सिरिंजमध्ये ओढायचं, चिकटपट्टीवर नाव लिहायचं, सिरिंज पेशंटच्या उशाशी ठेवायची. प्रतिक्रिया आली की सलाईन थांबवायचं, मांडीच्या स्नायूत ते द्यायचं, मुलाला किलोमागे ०.०१ मिलि, आणि पेशंट सावरला की एएसव्ही पुन्हा सुरू करायची. पुन्हा सुरू करायची, हे अधोरेखित करा. एकदा प्रतिक्रिया आली म्हणून उपचार बंद करून पाठवलेले रुग्ण सिव्हिलवाल्यांना नवीन नाहीत. भरलेली सिरिंज समोर दिसत असली की डॉक्टरचा हात कमी थरथरतो हे मी इतक्यांदा बघितलंय की त्याबद्दल मला शंका उरलेली नाही.

त्याच्या जोडीला परवानगी लागते. डॉक्टर क्वार्टरवरून येईपर्यंत सिस्टरने ॲड्रेनालिन द्यायचं की नाही? ‘स्टाफने’ द्यावं असं लिहिलं तर कुणीच देणार नाही. वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीचा स्थायी आदेश ट्रेच्या झाकणाला आतून चिकटवलेला असेल तर देतील. मार्गदर्शिका माणसाला काय करायचं ते सांगते. पण आपल्या व्यवस्थेत ते करण्याचा अधिकार वेगळ्या कागदावर असतो, आणि तो कागद बहुधा निघतच नाही. तो तुम्ही काढून घ्या. सही एका दिवसात मिळते, मात्र मागायला कुणीतरी जावं लागतं.

याच भीतीतून टेस्ट डोसची जुनी सवय टिकून आहे. कातडीखाली थेंबभर टोचून अर्धा तास बघत बसायचं. तिच्यावरून प्रतिक्रियेचा अंदाज येत नाही म्हणून राष्ट्रीय मार्गदर्शिकेने ती कधीच बाद केली. तरी चालते, कारण नव्या मार्गदर्शिकेत ‘करा’च्या याद्या असतात, ‘हे आता बंद’ असं ठळक कुठे नसतं. जुनं काढून टाकायला स्वतंत्र ओळ द्यावी लागते: ‘टेस्ट डोस देऊ नका. औषधाच्या खोक्यातल्या पत्रकात वेगळं लिहिलेलं असलं तरी देऊ नका.’

मण्यार आणि नागाबद्दल थोडक्यात, कारण त्या बाजूला वाक्यं बरीच नेमकी आहेत. पापण्या पडताहेत, गिळता येत नाही, मान उचलता येत नाही, तर विष मज्जासंस्थेवर आहे. १० व्हायल आणि त्यासोबत ॲट्रोपिन देऊन निओस्टिग्मिन. नागाच्या विषात याचा गुण येतो, मण्यारीच्या विषात सहसा नाही, म्हणून तीन मात्रांनी पापण्या हलल्या नाहीत तर त्यातच वेळ घालवत बसू नये. मण्यारीची गंमत (गंमत कसली) अशी की जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, खूण दिसत नाही, पहाटे पोट दुखतंय म्हणून येतो आणि ॲसिडिटीची गोळी घेऊन परत जातो. त्यामुळे मार्गदर्शिकेचं दार ‘साप चावला आहे’ असं असून चालत नाही. ‘पावसाळा, जमिनीवर झोप, पहाटेची पोटदुखी किंवा पापण्या जड: सर्पदंशाचं पान काढा’ अशी ओळ ओपीडीच्या टेबलावर हवी. बहुतेक मार्गदर्शिका निदान झालेल्या पेशंटपासून सुरू होतात. डॉक्टरसमोर मात्र येतं ते लक्षण.

रेफरलचं पान तुम्हालाच लिहावं लागेल, ते दिल्लीत किंवा मुंबईत लिहिता येत नाही. ‘व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात पाठवावं’ हे राष्ट्रीय वाक्य झालं. तुमच्या तालुक्यात त्याचा अर्थ काय? कुठल्या रुग्णालयात, पावसाळ्यात घाट बंद असेल तर कुठल्या, तिथला रात्रीचा फोन कुठला, पोचायला किती वेळ, १०८ची गाडी मुळात कुठून निघते, गाडीत अंबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) दाबायला बरोबर कोण जाणार? श्वास मंदावत चाललेला मण्यारीचा पेशंट दोन तासांच्या रस्त्यावर एकट्या चालकाबरोबर पाठवणं म्हणजे काय ते सांगायला नको. घोणशीच्या पेशंटला डायलिसिस लागू शकतं, ते दुसऱ्याच ठिकाणी असेल. कोकणात फुरसं जास्त भेटेल, तिथलं पान वेगळ्या क्रमाने लिहिलेलं बरं. मार्गदर्शिकेत अशा रिकाम्या जागा आखून देऊन ‘ही तालुक्याने भरावी, भरणाऱ्याची सही आणि तारीख’ असं छापलं तर भरल्या जातात. नुसतं ‘स्थानिक परिस्थितीनुसार’ लिहिलं तर आजवर भरल्या गेलेल्या मी पाहिल्या नाहीत.

आता एक सावधगिरी, नाहीतर मी पानं आणि शिक्के विकायला आलेय असं वाटेल. उत्तर प्रदेशात १२० प्रसूती केंद्रांवर सुरक्षित बाळंतपणाच्या चेकलिस्टचा मोठा प्रयोग झाला, निष्कर्ष २०१७मध्ये आले. चेकलिस्ट चांगली होती, वर महिनोन्‌महिने प्रशिक्षक येऊन सोबत उभे राहत होते. दोन महिन्यांनी पाहिलं तर आवश्यक कृतींपैकी सुमारे ७३ टक्के होत होत्या, तुलनेसाठी ठेवलेल्या, चेकलिस्ट न दिलेल्या केंद्रांत ४२ टक्के. प्रशिक्षक येणं थांबल्यावर वर्षाच्या टप्प्याला ७३चे ६२ झाले. आणि माता-बाळांचे मृत्यू व गंभीर गुंतागुंती दोन्हीकडे जवळपास सारख्याच राहिल्या. कृती वाढल्या तरी जीव वाचले नाहीत, हे पचवायला जड आहे. माझा अर्थ असा की वागणूक बदलते, पण पुढचा दुवा, म्हणजे रक्त, सिझेरियनची सोय, आजारी नवजाताला घेणारं रुग्णालय, तसाच राहिला तर पानाची ताकद तिथे संपते. सर्पदंशातही व्हेंटिलेटर नसेल तर मण्यारीचा पेशंट उत्तम मार्गदर्शिकेने वाचणार नाही.

उलट बाजूने, नेमकेपणाचा एक फायदा फारसा कुणी बोलत नाही, तो म्हणजे भांडाराला मोजता येतं. २०१७ साली उच्च रक्तदाबाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्यात प्रत्येक राज्याने औषधाचं नाव आणि मात्रा घालून एकच पायऱ्यांचा तक्ता ठरवला. डॉक्टरांची कुरकुर झाली की आमचं स्वातंत्र्य गेलं. पण मोजकीच औषधं ठरली म्हणून किती गोळ्या लागतील याचा हिशेब फार्मसिस्टला करता आला आणि पेशंटला महिन्याची औषधं एकदम देता आली. प्रत्येक डॉक्टर आपल्या आवडीची गोळी लिहीत असता तर ते कधीच जमलं नसतं. म्हणून तुमच्या समितीत फार्मसिस्ट आणि स्टोअरची सिस्टर पहिल्या बैठकीपासून असू द्या. ‘काचेची नळी’ मागणीपत्रात टाकणारी ती माणसं आहेत.

प्रशिक्षणाबद्दल माझं मत कडवट आहे. दिवसभर स्लाइड दाखवणं बंद करा. त्याऐवजी मसुदा झाल्यावर नव्याने लागलेल्या सिस्टरला ते पान आणि ट्रे द्या, खोटा पेशंट झोपवा आणि तुम्ही कोपऱ्यात गप्प उभं राहा. ती जिथे थांबेल, पान उलटून बघेल, तुमच्याकडे बघेल, तिथे पेन्सिलने खूण करा. तिला शिकवायला जाऊ नका, वाक्य बदला. दोन-तीन नव्या माणसांबरोबर एवढं केलं की पान इतकं सुधारतं की तज्ज्ञांच्या बैठका तेवढं सुधारू शकत नाहीत. त्यानंतर पावसाळ्यापूर्वी प्रत्येक केंद्रावर अशी एक रंगीत तालीम, रात्रपाळीच्या माणसांसह. ट्रेमधल्या वस्तूंची मुदत त्याच दिवशी तपासून होते.

ॲपचं विचारलं आहे. करा, पण शेवटी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये मार्गदर्शिका थरांनी उतरवण्याची पद्धत मांडली: आधी मजकूर, मग त्यातून निर्णयांचे तक्ते, मग यंत्राला वाचता येईल अशी रचना, मग प्रत्यक्ष सॉफ्टवेअर. त्यातला तक्त्यांचा टप्पा मला सगळ्यात कामाचा वाटतो. ‘रक्त गोठलं आणि सूज सांध्याच्या वर’ अशी एक ओळ, ‘रक्त गोठलं, सूज नाही, पापण्या ठीक’ अशी दुसरी, प्रत्येकीपुढे एकच कृती. तक्ता भरायला बसलात की मोघम वाक्य आपोआप उघडं पडतं, कारण चौकटीत ‘विचार करावा’ लिहिता येत नाही. हे काम कागदावर, तुमच्याच जिल्ह्यातल्या चार-पाच माणसांना घेऊन होतं. त्याआधी ॲप केलं तर त्याच मोघम वाक्यांवर बोटाने टिचकी मारावी लागेल, एवढाच फरक. शिवाय रेंज गेली, मोबाइल चार्ज नाही, सिस्टरचा हात रक्ताने भरलेला आहे, अशा वेळी भिंतीवरचा कागद चालतो. नोंदी, साठा आणि पाठपुरावा यांसाठी मात्र ॲप खरंच बरं पडतं.

शेवटचं काम क्षुल्लक वाटेल. पानावर आवृत्तीचा क्रमांक, तारीख आणि पुन्हा तपासण्याची तारीख छापा, आणि नवी प्रत लावताना जुनी काढून परत पाठवायला सांगा. परत आलेल्या जुन्या प्रती मोजा. जितक्या केंद्रांतून आल्या तितक्या ठिकाणी नवी खरंच लागली आहे असं धरायला हरकत नाही. ज्यांच्याकडून आली नाही त्यांच्या इमर्जन्सीच्या भिंतीवर अजून टेस्ट डोसवालं पोस्टर असण्याची शक्यता आहे, तेव्हा पहिली भेट तिथे द्या.